बस्त्यातली पांढरी साडी

आमच्या दुकानात एक नियम होता: गिऱ्हाइकासमोर सिंधी बोलायचं नाही. घरात आम्ही सिंधीतच बोलायचो, सिंधीतच भांडायचो. पण दुकानाच्या पायरीशी चप्पल काढली, की तिथून आत फक्त मराठी. दुकान कोल्हापुरात, देवीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. साड्या, लुगडी, धोतरं, टॉवेल-टोप्या, शर्ट-पँटचे पीस, असा सगळा माल.

नियम आजोबांनी घातलेला. फाळणीनंतर ते सिंधमधून आले, काही वर्षं खांद्यावर कापडाचं गाठोडं टाकून शिरोळ, नेसरीकडच्या बाजारांतून फिरले आणि मग हे दुकान थाटलं. एकदा लग्नाची मोठी मंडळी खरेदीला बसली होती. आजोबा बाबांना सिंधीत म्हणाले, वरच्या कप्प्यातला चांगला माल काढ. एवढंच. पण मंडळींतला म्होरक्या ताडकन उठला. "आमच्या म्होरं काय कुजबुजतासा? भाव चढवाय सांगतासा व्हय?" आणि पंधरा माणसं उठून समोरच्या दुकानात गेली. बाबा तेव्हा पोरसवदा होते. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली, की न बघताही ती पंधरा माणसं मला पाठमोरी दिसायची.

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणी काही सोडलं म्हटलं, की मी विचारते, त्याच्या बदल्यात काय मिळालं? व्यापाऱ्याची पोर, दुसरं काय विचारणार! दुकानाच्या पाटीवर आधी आजोबांच्या आईचं नाव होतं. बाबांनी ते काढून देवीचं लावलं. मी विचारलं, काय मिळालं? बाबा म्हणाले, "लोक पाटी वाचायला लागले." पाडव्याला आम्ही दुकानावर गुढी उभारायचो, तीही दुकानातल्याच नव्याकोऱ्या साडीची, आणि बाबा आल्यागेल्याला सांगायचे, "तसलीच दुसरी आत हाय बगा." पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चेटीचंड, म्हणजे आमचं नवीन वर्ष. आजोबांच्या वेळी त्या दिवशी दुकान बंद असायचं. पुढं ते दुपारून उघडायला लागलं, आणि मी पाचवीत गेले तोवर सकाळीच. "लग्नसराई आहे," बाबा म्हणायचे. "देव काय, संध्याकाळीही घरीच असतो." जसा देश तसा वेश, ही त्यांची आवडती म्हण.

जवळच गांधीनगरात आमच्या लोकांची कितीतरी दुकानं. तिथं सिंधी बोललं तर कुणी मान वळवत नाही. आपण तिथं का नाही गेलो, असं मी एकदा विचारलं. बाबा म्हणाले, "तिथं आपण शंभरातले एक. इथं आपल्यासारखे आपणच." मला तेव्हा हे उत्तर फार आवडलं होतं. आपल्यासारखे आपणच राहण्यासाठी आपण दुसऱ्यांसारखं बोलतोय, यातली गंमत फार उशिरा कळली.

बाबांची मराठी गिऱ्हाइकांकडून आलेली, त्यामुळं अस्सल रांगडी. "या पावणं, बसा की! ऊस काय म्हणतोय? पाणी आलंतं काय नदीचं?" मी तीच मराठी शिकले आणि शाळेत बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, मुलगी ना तू? 'मी जातो' काय म्हणतेस? आणि 'हाय' नाही, 'आहे' म्हण!" वर्गातल्या निम्म्या पोरी तसंच बोलायच्या, पण बाईंना हसू यायचं ते माझंच. लोकांत मिसळायचं म्हणजे नक्की कुणाच्यात, हा प्रश्न मला तेव्हा पडला. दुकानात 'हाय'ला किंमत होती, शाळेत 'आहे'ला. मी दोन्ही ठेवले. व्यापारात एकच माल ठेवून भागत नाही.

या सगळ्यात अडकली होती ती अमां. अमां म्हणजे माझी आई. ती उल्हासनगरची. तिथं तिच्या वडिलांचा कापडाचा ठेला होता आणि लग्नाआधी ती त्यावर बसायची. डोळे मिटून बोटांनी कापड ओळखायची: यात रेशीम किती, हे धुतल्यावर आटेल, याचा रंग जाईल. तिला एकच गोष्ट हवी होती, दुकानात बसायचं. आणि बाबांचं एकच उत्तर होतं, "तुझ्या मराठीचं काय?" तिची मराठी म्हणजे भाजीवालीपुरती. तीही घाबरली की पार विसरायची आणि सिंधी बाहेर पडायची. बाबांना ते पंधरा जण आठवायचे.

आणि तरी खरेदीचे नमुने बाबा घरी आणायचे. जेवण झालं, की अमांच्या मांडीवर तुकडे ठेवायचे. ती बोटं फिरवायची, "हे घ्या, हे नको" सांगायची, आणि सकाळी बाबा तेच मत आपलं म्हणून दुकानात मांडायचे. खरेदी अमांच्या बोटांनी व्हायची आणि विक्री बाबांच्या जिभेनं. मला याचा राग यायचा. अमांला मी म्हणायचे, तू नमुने बघू नकोस, मग बसवतील. ती म्हणायची, "कापडाचं काय चुकलं?" दुपारी डबा घेऊन ती दुकानात यायची, मागच्या बाजूला गठ्ठ्यांपाशी उभी राहायची आणि रिकामा डबा घेऊन परत जायची. तेवढा वेळ ती गिऱ्हाईक कापड कसं हाताळतं ते बघत असायची. तिला बोलायला बंदी होती, बघायला नव्हती.

बाबांचं खरं भांडवल मात्र वेगळंच होतं. ते होतं बस्त्याचं ज्ञान. लग्नाचं सगळं कापड एकाच दुकानातून एकदम घ्यायचं, त्याला इकडं बस्ता बांधणं म्हणतात. दोन्हीकडची मंडळी येतात, पंचवीस-तीस माणसं गादीवर बसतात आणि दिवस मोडतो. हळदीची पिवळी साडी, नवरीचा शालू, वरमाईची साडी, आजीची, करवल्यांची, मग मानापानाच्या. कुणाची आधी उघडायची, कुणाची कुणापेक्षा जरा भारी दाखवायची, आत्या रुसली तर काय पुढं करायचं, हे बाबांना त्या घरच्या माणसांहून जास्त ठाऊक असायचं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात, तो आमचा धंदाच होता. बाबा मंडळींना मिसळ-ब्रेड खायला घालायचे, आणि शेवटी सगळ्या कापडांची चळत लावून तिच्यावर हळदकुंकू वाहायचं, नारळ ठेवायचा आणि गाठ मारायची.

मे महिन्याच्या सुट्टीत ते कुंकू वाहायचं काम माझ्याकडं आलं. मी नववीतून दहावीत गेले होते. लेकीच्या हातचं शुभ, असं कुणा बायकांनी बाबांना सांगितलं होतं आणि बाबांनी लगेच ते उचललं. मला भारी वाटायचं. काळा, निळा, पांढरा रंग तळाला दडवायचा, हिरवा-पिवळा वर आणायचा, सगळ्यांत वर नवरीचा शालू, हे मी एका आठवड्यात शिकले. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "पोर आमच्यातलीच वाटती की!" ते ऐकलं, की मी उरलेला दिवस हवेत असायचे.

त्याच सुट्टीत जयसिंगपूरकडची एक मंडळी आली. वडील निवृत्त शिक्षक, नवरी स्वतः कुठल्याशा कचेरीत नोकरीला, आणि सगळ्यांवर हुकमत चालवणारी एक आत्या. रंगीत साड्या भरपूर घेतल्या, शेवटी एक पांढरी, बारीक जरीकाठाची घेतली. बाबा त्यांना फेटे दाखवायला शेजारच्या दुकानातून माल आणायला गेले आणि जाताना मला म्हणाले, "चळत लावून ठेव."

मी लावली. पांढरी साडी कुणा म्हाताऱ्या आजीची असणार असं धरून ती अगदी तळाला सारली. हिरवा शालू वर आणला, नारळ ठेवला, कुंकवाची चिमूट सोडली. तेवढ्यात नवरी हळूच म्हणाली, "पांढरी वर ठेवा. ती माझी हाय."

मला कळलंच नाही. आत्या पुढं सरकली. "काय करालीस गं पोरी? आमच्यात कुंकू न्हाय, नारळ न्हाय. बौद्ध हाय आम्ही. लगीन पांढऱ्या साडीत लागतं आमचं. माझ्या बापानं हे समदं सोडलंय, आन तू परत आमच्या गळ्यात घालालीस व्हय?"

चूक दुरुस्त करायची म्हणून मी घाईनं तळातली पांढरी साडी ओढून काढली, आणि काढल्यावर बघितलं: माझी बोटं कुंकवाची. पांढऱ्या साडीच्या घडीवर चार लाल बोटं उमटली होती. तशी साडी दुकानात दुसरी नव्हती, मीच कपाट बघितलं होतं. नवरीनं हात तोंडावर नेला. मला अजूनही त्या हाताची लाज वाटते.

आमचे जुने नोकर काका माठाकडं धावले आणि फडकं भिजवून आले. ते फडकं साडीला लागणार, एवढ्यात मागून गठ्ठ्यांपाशी कुणीतरी मोठ्यानं ओरडलं.

"पाणी न विझो!"

पाणी घालू नका. सिंधीत. डबा घेऊन आलेली अमां. ती गठ्ठे ओलांडून पुढं आली, काकांना बाजूला सारलं, साडी घेऊन पायरीवर उजेडात गेली आणि सिंधीत एकसारखी बोलत राहिली: कुंकू कोरडं आहे तोवर माती, ओलं झालं की रंग. तिनं घडी अलगद झटकली. मग मिसळीच्या ताटलीतला उरलेला कोरडा ब्रेड उचलला, त्याच्या कडा काढून टाकल्या आणि मधला मऊ भाग त्या डागांवर टेकवत, उचलत राहिली. ब्रेड लाल होत गेला. एक तुकडा टाकायचा, दुसरा घ्यायचा. पंचवीस माणसं तिच्याभोवती गोळा होऊन बघत होती.

त्याच वेळी बाबा हातात फेटे घेऊन आले. त्यांनी सगळं बघितलं आणि सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. आता ही मंडळी उठणार, समोरच्या दुकानात जाणार, हे मला त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं.

आत्यानं अमांकडं बोट केलं. "काय बोलाल्यात ह्या? कंची भाषा ही?"

मी बाबांकडं बघितलं. नियम होता. शेवटी बाबाच म्हणाले, "सिंधी." तो शब्द त्या दुकानात त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"शिव्या देत न्हाईत न्हवं?"

"न्हाय, न्हाय. पाणी लावू नका म्हणतीया."

"मग बोलू दे की!" आत्या म्हणाली. "आन ह्या कापडातल्या जाणत्या बाईला मागं कशाला उभी केलीया तुम्ही? फुडं बसवा की!"

डाग गेला, पण नखाएवढी गुलाबी झाक उरली. बाबा साडीचे पैसे सोडायला निघाले. नवरी म्हणाली, "राहू दे, निऱ्यांत जाईल." बस्ता बांधला, कुंकवाशिवाय. मंडळी गेली. नारळ तिथंच गादीवर राहिला होता. तो आम्ही संध्याकाळी फोडून खाल्ला.

बाबा मला रागावले नाहीत, तेच मला जड गेलं. म्हणाले, "चूक माझी. तुला मी गर्दीची, जास्त लोकांची रीतच तेवढी शिकवली. ह्यांचं मला माहीत होतं, सांगायचं राहून गेलं." मला मात्र झोपेपर्यंत आत्याचं बोलणं पुरलं. त्यांच्या आधीच्या माणसांनी जे टाकून दिलं, तेच आम्ही उचलून डोक्यावर घेतलं होतं. सोडताना त्यांना काय काय सोसावं लागलं असेल कोण जाणे. उचलताना आम्हाला मात्र गिऱ्हाईक मिळालं. आणि एकाच नारळावरून त्यांची आणि आमची गाठ पडली होती. माझ्या नेहमीच्या प्रश्नाला, कशाच्या बदल्यात काय, या वेळी सरळ उत्तर येईना.

त्याच रात्री जेवताना अमांनी बाबांना विचारलं, "उद्या येऊ?" बाबा म्हणाले, "आधी मराठी शीक." अमां म्हणाली, "बसूनच शिकते." बाबांनी भाताचा घास घेतला आणि नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी अमां गादीवर बसली. मला एवढा आनंद झाला, की मी तिच्या शेजारून हललेच नाही.

अमां दुकानात बसली आणि खरंच शिकली. पहिल्यांदा साड्यांची नावं, मग नातीगोती, मग थट्टा. मी शिकायला आणि पुढं नोकरीला पुण्याला गेले. दर सुट्टीला यायचे तेव्हा तिची मराठी एक पायरी वर चढलेली असायची. दहा-अकरा वर्षांत अशी वेळ आली, की बाबांचे गुडघे गेले, ते खुर्चीत बसून घड्या घालायला लागले आणि दुकान अमां चालवायला लागली. खेड्यातल्या बायका दारातूनच विचारायच्या, "मावशी हायत काय?" मावशी नसल्या तर परत जायच्या.

एकदा दिवाळीच्या आधी मी आले होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी अमांला सिंधीत विचारलं, माझ्यासाठी कुठली ठेवलीस? अमांनी दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "दुकानात मराठी बोल."

"कुणी न्हाय की इथं!"

"सवय मोडती," ती म्हणाली.

मला राग आला. एवढ्या वर्षांत नियमाचं ओझं बाबांच्या खांद्यावरून तिच्या खांद्यावर गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. सिंधी ओरडून जी बाई पुढं आली, तीच आता सिंधीला दाराबाहेर ठेवत होती. बाबा खुर्चीत घड्या घालत हसले. मी त्यांच्यावरही चिडले.

तेवढ्यात एक बाई पायरी चढून आल्या, बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. अमां उठून उभीच राहिली. जयसिंगपूरची नवरी. पांढरी साडी घ्यायला त्या दर वर्ष-दोन वर्षांनी आमच्याकडं येतात, हे मला तेव्हा कळलं. त्या लेकीला म्हणाल्या, "ह्या बग त्या आजी. माझी लग्नातली साडी ह्यांनीच वाचवली." मग अमांकडं वळून, "गुलाबी झाक अजून हाय बरं का, मावशी. मावशी, त्या दिवशी तुम्ही काय वरडलासा, ते परत एकदा म्हणा की हिच्यासाठी."

अमांनी पदर सारखा केला. "काय की बाई, आता आठवत न्हाय बगा."

मी तिच्याकडं बघत होते. ती खोटं बोलत होती की खरं, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्हीची मला सारखीच भीती वाटली.

"मला आठवतंय की," त्या बाई म्हणाल्या. "पाणी न विझो! आमच्या घरात काय बी सांडलं, की ही पोरगी तेच वरडती."

"पाणी न विझो!" मुलगी मोठ्यानं ओरडली आणि हसायला लागली.

बाबांचे हात घडीवर थांबले. त्यांनी दाराकडं बघितलं नाही. अमां त्या मुलीकडं बघत राहिली, तिचे डोळे भरून आले होते. ज्या गिऱ्हाइकासाठी नियम होता, ते गिऱ्हाईकच आमच्या दुकानात उभं राहून आमची भाषा बोलत होतं. अमांनी मुलीला जवळ ओढून गादीवर बसवलं आणि माझ्याकडं वळून, त्या दिवसानंतर दुकानात पहिल्यांदाच, सिंधीत म्हणाली, "यांच्यासाठी चहा सांग. आणि हिला दूध."

"व्हय, सांगतो," मी म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. चहाच्या गाड्यापाशी पोचल्यावर लक्षात आलं, तिनं एवढ्या वर्षांनी सिंधीत काही सांगितलं आणि मी तिला मराठीत उत्तर देऊन आले होते.